जखमीला हात कोण लावणार?

एस.टी.त चालकाच्या केबिनजवळ एक लहानशी पेटी असते. तिच्यावर ‘प्रथमोपचार पेटी’ असं रंगवलेलं असतं. बीड जिल्ह्यातल्या माणसाने हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचला असेल, तर तो बहुधा याच पेटीवर. ती उघडलेली मात्र फार थोड्यांनी पाहिली आहे.

पेटीपेक्षा महत्त्वाचा तिच्यापाशी उभा असलेला माणूस. वाहकाचा परवाना आणि छातीवरचा बिल्ला हवा असेल, तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते वर्षानुवर्षे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था देत आली आहे. १८७७ साली इंग्लंडात ही संघटना निघाली ती खाणी, रेल्वे आणि कारखान्यांत रोज होणाऱ्या अपघातांसाठी. डॉक्टर येईपर्यंत जखमीजवळ जो असतो तो दुसरा कामगारच असतो, म्हणून शिकवायचं ते त्यालाच, असा तिचा साधा हिशेब होता. साम्राज्याबरोबर हा हिशेब हिंदुस्थानात आला. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये स्वतःचं रस्ते-वाहतूक खातं काढून बस चालवायला सुरुवात केली होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इथल्या गाड्याही एस.टी.च्या लाल रंगात मिसळल्या. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ उजाडलं. तोवर परळीकडची बाजू सोडली तर या जिल्ह्याचं सगळं येणं-जाणं रस्त्यावरच होतं. लग्नाचं वऱ्हाड, बाजार, ऊसतोडीच्या टोळ्या आणि आजारी माणूससुद्धा. म्हणून माझं मत असं की, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या माणसांपैकी ज्याला सरकारी कागदावर प्रथमोपचार ‘येत होता’, असा मोठा वर्ग मास्तर किंवा ग्रामसेवकांचा नव्हता. तो कंडक्टरांचा होता.

त्याला काय शिकवलं जात होतं, हे बघण्यासारखं आहे. त्रिकोणी पट्टी, तुटलेल्या हाडाला बांबूची फळी, भाजलं तर काय, फेफरं आलं तर काय. श्वास थांबलेल्याला पालथं झोपवायचं, पाठ दाबायची, मग कोपर धरून हात वर ओढायचे. ही पद्धत होल्गर नीलसन या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावाची, १९३२ सालची. साप चावला तर वर आवळून बांधायचं, जखमेला चीर द्यायची आणि पोटॅशियम परमँगनेट चोळायचं, असंही जुन्या पुस्तकांतून सांगितलेलं असे. यातली त्रिकोणी पट्टी आणि फळी टिकली. बाकीचं बरंचसं आज चुकीचं ठरलं आहे. आवळून बांधल्याने हात-पाय काळा पडतो, चिरल्याने रक्त वाहतं आणि विष काही बाहेर येत नाही. सर्पदंशावर उपाय एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन. परळच्या हाफकिन संस्थेने ते बनवायला सुरुवात केली त्यालाही आता अनेक दशकं झाली. इतरांनी करायचं ते एवढंच, की चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या पायाला फडात साप डसला की आजही आधी बांधायला दोरी शोधली जाते. त्यामागे निव्वळ अडाणीपणा आहे असं म्हणून चालणार नाही. ते एकेकाळचं छापील ज्ञानच आहे, फक्त जुनं झालेलं.

हृदय बंद पडलेल्या माणसासाठी तर त्या पुस्तकात काहीच नव्हतं. कारण जगात कुणाकडेच नव्हतं. हृदय थांबलं तर छाती फाडून ते हातात धरून दाबायचं, हा शस्त्रक्रियागृहातला उपाय. रस्त्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम काउवेनहोवेन हे विजेचे अभियंते हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर कुत्र्यांवर प्रयोग करत होते. १९५८ मध्ये त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की, यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबून ठेवल्या की, वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो. म्हणजे बाहेरून नुसतं दाबलं तरी रक्त पुढे सरकतं. जेम्स ज्यूड या शल्यचिकित्सकाने ते माणसावर करून पाहिलं. जुलै १९६० मध्ये तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. वीस रुग्ण, त्यातले चौदा वाचले. बाल्टिमोरमध्येच पीटर सॅफर यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली होती. दोन्ही एकत्र आल्यावर जे तयार झालं, त्याला आज सगळे सीपीआर म्हणतात. लेखाचं म्हणणं असं होतं की, यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, दोन हात पुरेत.

आता गंमत बघा. दोन हात पुरेत, पण ते कुणाचे? १९६६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने शिफारस केली की, हे डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांना शिकवावं. सामान्य माणसाच्या हातात हे देऊ नये, तो बरगड्या मोडेल, नको तिथे दाबेल, ही भीती. सर्वसामान्यांना शिकवायला हरकत नाही, असं ठरायला १९७३ उजाडलं. तेरा वर्षं! ज्या उपायाचा सगळा जीव पहिल्या चार-सहा मिनिटांत आहे, तो त्या मिनिटांत हजर असलेल्या माणसापासूनच तेरा वर्षं दूर ठेवला गेला.

नेमक्या त्याच काळात बीडच्या सीमेला लागून एक उलटा प्रयोग सुरू होता. जामखेड नगर जिल्ह्यात, पण पाटोदा आणि आष्टी तालुके त्याला चिकटलेले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तिथे आलं. दोघेही वेल्लोरचे पदवीधर. याच जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. तेव्हा तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास पहिल्या वर्षातच दगावत. आरोळेंनी आधी प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवून पाहिल्या. जमलं नाही. परक्या, शिकलेल्या मुलीला गाव आपलं म्हणेना, तिलाही गाव आपलं वाटेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या आणि शिकायच्या. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतीण कधी अडते, ताप मोजायचा कसा, जखम धुवायची कशी, आणि आपल्या हातचं नाही हे ओळखून दवाखान्यात पाठवायचं कधी.

या यादीत सीपीआर नाही आणि त्या काळी असण्याचं कारणही नव्हतं. पण अमेरिकेत जो प्रश्न अडला होता तो जामखेडने कुणाला न विचारता सोडवला होता. वाचवण्याचं ज्ञान डॉक्टरच्या खोलीतून बाहेर काढून, ज्या हाताचा विटाळ मानला जात होता त्याच हातात दिलं. ज्या घरांत या बायकांना उंबरा ओलांडू देत नव्हते, त्या घरांतली बाळंतपणं त्यांनी केली. १९७२ च्या दुष्काळाने या कामाला आणखी बळ दिलं, कारण जात बघायला कुणाला सवड राहिली नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडचा दाखला जगापुढे ठेवला, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २००५ मध्ये देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या त्यांच्या वंशावळीत जामखेडचं नाव वर येतं. पाटोद्याच्या माणसाला हे सगळं शेजारच्या वाड्यात घडल्यासारखं.

बीड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबाजोगाईत, १९७४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं. जिल्ह्याच्या मुख्य शहरातही नाही, तर तालुक्याच्या गावात. इथले लोक ते आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असल्याचं अभिमानाने सांगतात. नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी स्वामीजी याच गावात योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळा जिल्हा या रुग्णालयाला ‘स्वाराती’ म्हणतो. केज, धारूर, परळी, माजलगाव, शिवाय लातूर-परभणीच्या कडेची गावं, सगळीकडून जखमी माणूस इथेच यायचा. आधी बाजेवर नाहीतर बैलगाडीत, मग जीपमध्ये, मग काळी-पिवळीत मागच्या बाकावर आडवा टाकून. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं की डॉक्टर म्हणायचे, पुढे न्या. तालुक्याला गेलं की, पुढे न्या. या ‘पुढे’ला अंत अंबाजोगाईत, नाहीतर औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात. आष्टीचा माणूस तर जिल्ह्याच्या नादाला न लागता सरळ नगर गाठायचा.

रस्त्यात गेलेल्यांची नोंद कुठल्याच दवाखान्याच्या वहीत नाही.

पण अंतर हा अर्धाच अडथळा होता. उरलेला अर्धा होता भीतीचा, आणि ती भीती सापाची किंवा रक्ताची नव्हती. ती पोलिसांची होती. जखमीला गाडीत घातलं की आपलं नाव पंचनाम्यात, मग जबाब, मग साक्ष, मग तारखा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. ज्याच्या गाडीत जखमी सापडला त्यानेच धडक दिली असेल, अशी शंका घेणारा जमादार प्रत्येकाच्या ओळखीत असतो. आणि डॉक्टर? पोलीस केस आहे, आधी पोलिसांना बोलवा, हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस मराठवाड्यात विरळा.

या वाक्याला पहिला धक्का दिल्लीत बसला. एका स्कूटरस्वाराला गाडीने उडवलं. वाटेने जाणाऱ्या एकाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं गेलं की, असल्या केसेस घ्यायचा अधिकार आम्हाला नाही, दुसऱ्या रुग्णालयात न्या. ते वीस किलोमीटर दूर. तिथे पोचण्याआधीच जखमी गेला. ही बातमी वाचून पंडित परमानंद कटारा हे वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, कायद्याच्या बाकीच्या गोष्टी नंतर. घटनेतल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ जखमीपर्यंत पोचला तो असा. निकाल स्वच्छ होता. पण त्यात नवल असं की, ज्याने त्या स्कूटरस्वाराला उचलून नेलं, त्या वाटसरूचं पुढे काय, त्याला संरक्षण काय, हा प्रश्न आणखी पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला. डॉक्टरला हात लावायला भाग पाडलं गेलं, साध्या माणसाची भीती मात्र कायम.

मग आलं २०१४. बीडच्या दृष्टीने हे साल विसरण्यासारखं नाही.

त्या वर्षी २६ जानेवारीला महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका, त्यातल्या २३३ अद्ययावत यंत्रणेच्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. या सेवेची मूळ कल्पना २००५ मध्ये हैदराबादेत रुजली होती. ज्या शहरातून एकेकाळी आपला कारभार चालायचा तिथूनच ही चांगली गोष्ट नऊ वर्षं उशिरा आपल्याकडे आली, असं म्हणायला हरकत नाही. गावातल्या कुणीही फोन उचलावा आणि डॉक्टरसकट गाडी निघावी, हे बीडच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

चार महिन्यांनी, २६ मे रोजी, गोपीनाथ मुंडे केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचा मुलगा, ऊसतोड मजुरांच्या संपांचा नेता. पुढच्या आठवड्यात, ३ जूनला, ते बीड जिल्ह्यात सत्काराला येणार होते. पहाटे दिल्लीतल्या घरून विमानतळाकडे निघाले. सव्वासहाच्या सुमारास पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोडच्या चौकात एका गाडीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यांनी पाणी मागितलं आणि दवाखान्यात न्यायला सांगितलं. साडेसहाला ते एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये पोचले. देशातल्या सर्वांत चांगल्या अपघात रुग्णालयांपैकी एक, आणि तेही दहा-पंधरा मिनिटांत! पण तेव्हा श्वास नव्हता, नाडी नव्हती, हृदय थांबलेलं होतं. डॉक्टरांनी लगेच सीपीआर सुरू केला आणि पाऊण तासाहून अधिक काळ चालू ठेवला. ७ वाजून २० मिनिटांनी मृत्यू जाहीर झाला. शवविच्छेदनात मानेच्या मणक्यांना इजा आणि यकृत फाटून पोटात झालेला रक्तस्राव आढळला.

दुसऱ्या दिवशी परळीत माणसांचा समुद्र होता. संशयही खूप होता, घातपाताच्या चर्चा झाल्या, सीबीआयने तपास केला आणि तो अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला. त्या गदारोळात एक गोष्ट मागे राहिली. ती तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनी सांगितली होती: मागच्या सीटवरचा पट्टा शोभेचा नसतो, तो लावला असता तर मुंडे वाचले असते.

ही घटना प्रथमोपचाराच्या इतिहासात सांगण्याचं कारण वेगळं आहे. सीपीआर म्हणजे जादू नव्हे. हृदयविकाराने कोसळलेल्या, पाण्यात बुडालेल्या, विजेचा धक्का बसलेल्या माणसात रक्त शरीरातच असतं, ते फिरवायचं असतं. तिथे दोन हात कमाल करतात. अपघातात पोटात रक्त सांडत असेल, तर एम्सचे हातसुद्धा हरतात. तिथे जीव वाचतो तो आधी: पट्ट्याने, आणि जखम बाहेर दिसत असेल तर तिच्यावर कापडाचा बोळा घट्ट दाबून धरणाऱ्या पहिल्या माणसामुळे. मानेला इजा झालेल्याला ओढून काढणं, बसवणं, मान हलवणं हे सगळं घातक. गाडीला आग लागण्याची किंवा दुसरी गाडी येऊन आदळण्याची भीती नसेल, तर त्याला आहे तिथे, मान सरळ आधार देऊन ठेवायचं. आणि पाणी. आपल्याकडे जखमीला पाणी पाजणं हे पुण्यकर्म आहे. जो आचके देत असेल त्याच्या तोंडात तर चमच्याने घालतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते उतरतं आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळीही अडचण होते. ओठ ओले करावेत, पाजू नये. फेफरं आलेल्याला चप्पल नाहीतर कांदा हुंगवण्याचंही तेच. हुंगवून फेफरं थांबत नाही, ते आपल्या वेळेने थांबतं. त्याला कुशीवर वळवावं आणि डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावं.

त्याच वर्षाच्या २९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला आदेश दिला की, मदत करणाऱ्या वाटसरूच्या संरक्षणासाठी सूचना काढा. याचिका सेव्हलाइफ फाउंडेशनची, २०१२ पासूनची. संस्थेचे संस्थापक पियूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी भाऊ २००७ मध्ये दिल्लीत रस्त्यावर जखमी होऊन पडला. लोक थांबले, बघून गेले, कुणी उचललं नाही आणि तो गेला. संस्थेने २०१३ मध्ये देशात पाहणी केली तेव्हा शंभरातल्या चौऱ्याहत्तर लोकांनी सांगितलं की, आपण जखमीला मदत करणार नाही. कारण तेच, पोलीस आणि कोर्ट. म्हणजे मराठवाड्यातली भीती ही मराठवाड्यापुरती नव्हती, सगळा देश तीच म्हण पाठ करून बसला होता.

१२ मे २०१५ रोजी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना कायद्याचं बळ दिलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. या सगळ्याचा मथितार्थ असा: चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चूक झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. पोलिसांना नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तोच ठरवेल. रुग्णालयाने त्याला अडकवून ठेवायचं नाही, त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांना ज्या मोडक्या बरगड्यांची भीती वाटली होती, त्याही आता या कलमाच्या आत आल्या.

कायदा झाला, तरी तो रस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोगद्याजवळ मराठा आरक्षणाचे नेते विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला. केज तालुक्यातल्या राजेगावचे मेटे मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी मुंबईला निघाले होते. कामोठ्याच्या रुग्णालयात त्यांना मृत घोषित केलं गेलं. फोन करूनही मदत वेळेत आली नाही, जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत, असं त्यांच्या चालकाने सांगितलं. सरकारने चौकशी लावली, विधिमंडळात चर्चा झाली, आणि पुढे तपासाचा रोख खुद्द चालकाच्या गाडी चालवण्यावरही गेला. कुणाचं चुकलं हे ठरवणारा मी कोण? पण हा रस्ता कुठल्या आडवळणाचा नव्हता. सेव्हलाइफने २०१६ पासून ज्याला मृत्यूमुक्त करायचा प्रकल्प हाती घेतला, तोच हा रस्ता. जिथे मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्या रोज धावतात तिथे ही चर्चा होते, तर मांजरसुंब्याच्या घाटात रात्री दोनला उलटलेल्या ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टरचं काय? तीन आठवड्यांनी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेही मागच्या सीटवर, तेही पट्ट्याविना. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली.

मधल्या काळात शिकायचं ते फार सोपं झालं आहे. २०१७ मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य माणसासाठी नुसत्या छाती-दाबाची पद्धत सांगितली. तोंडाने श्वास देण्याची गरज नाही, त्यामुळे किळस नाही, संसर्गाची धास्ती नाही, आणि ‘परक्या बाईच्या तोंडाला तोंड कसं लावू’ हा गावातला न बोललेला प्रश्नही नाही. माणूस हाक मारून, खांदे हलवून उठत नाही, श्वास नीट चालत नाही किंवा नुसता आचके दिल्यासारखा आहे, एवढं दिसलं की १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा. त्याला कडक जमिनीवर उताणं ठेवायचं. बाजेवर नाही, बाज झोल खाते आणि सगळा जोर सुतळीत जातो. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खाली, पूर्ण वर येऊ द्यायचं, पुन्हा खाली. मिनिटाला शंभर ते एकशेवीस. दोन मिनिटांत दम लागतो, म्हणून दुसऱ्याने हात बदलायचा, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही. रबरी पुतळ्यावर एकदा घाम गाळावा लागतो. हा पुतळाही १९६० चाच, नॉर्वेतल्या लारडाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने केलेला.

२०२१ पासून जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार पाच हजार रुपये देत असे, २०२५ मध्ये ते पंचवीस हजार केले. द्यावेत, पण बीडला त्याहून निकडीची गरज दुसरी आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. ट्रकच्या हौद्यात, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांत, रात्री, बायकापोरांसह. त्यांच्यासाठी सरकारने महामंडळ काढलं आहे आणि त्याचं नावच लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ असं आहे. कंडक्टरला बिल्ल्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं, ते टोळीच्या मुकादमाला आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला का लागू नये? उचल वाटायच्या आधी महामंडळाने आणि कारखान्यांनी अर्धा दिवस काढावा, स्वारातीतून एक डॉक्टर आणि एक पुतळा मागवावा, आणि प्रत्येक टोळीतले दोन पुरुष व दोन बाया तयार कराव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. येत्या हंगामाच्या आधी हे करता येईल.